सहा रिकामे डबे

आखाडा बाळापूरच्या शेळी-मेंढी पतसंस्थेत चेअरमन नामाजींनी टेबलावरचा नवा डबा एका हाताने उचलला आणि ते जागीच थिजले. मेंढरू घेताना पोटाखाली हात घालून उचलून पाहायचं आणि मगच भाव बोलायचा, ही त्यांची जन्माची सवय. हा डबा काल जन्मलेल्या कोकरापेक्षाही हलका होता.

"साधना, ह्याच्यात काही हाय का न्हाई?"

"कंपनीचं पोरगं कॉम्प्युटर हाय म्हणलं," कारकून साधना म्हणाली. "दिपक. आताच चहाला गेला."

नामाजींनी पेचकस मागवला. झाकण निघालं. आत तळहाताएवढी हिरवी पट्टी, बाकी हवा. त्यांनी उरलेले पाचही डबे उचलून पाहिले. एकाचाही भार हाताला लागला नाही. टेबलाखाली एक मोठा काळा डबा होता. तो उचलताना मात्र त्यांच्या कमरेतून आवाज आला.

"एकच भरीव, सहा पोकळ," ते हळू आवाजात म्हणाले. "सभासदाला काय तोंड दाखवू?"

कंपनी पळायच्या आत असेल तेवढा माल ताब्यात घ्यावा, म्हणून त्यांनी काळ्या डब्याची वायर उपटली, तो तिजोरीच्या खोलीत नेऊन ठेवला आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

दिपक परतला आणि दारातच थांबला. तो कळमनुरीकडच्या तांड्यावरचा, नवा बी.एस्सी., कंपनीत अजून कच्चा. दुपारी कंपनीचे साहेब येणार होते. सहाही डबे सर्व्हरला, म्हणजे त्या काळ्या डब्याला, जोडलेले दिसले तर नोकरी पक्की, नाहीतर तांड्यावर परत. सकाळी त्याने एकेका डब्याला सर्व्हरचा पत्ता भरून दिला होता आणि सहाही डब्यांच्या नावांपुढे हिरवी खूण पाहूनच तो चहाला गेला होता. आता सहाही डब्यांच्या पडद्यांवर इंग्रजीत एकच ओळ होती.

"ताई, ह्यांना सर्व्हर सापडंना."

"सापडंल कसा? कुलपात हाय."

दिपक खुर्चीवर बसला. खुर्ची तिथे होती हे नशीब.

"बघ, बंद पडले," नामाजी म्हणाले. "आत काही असतं तर चालले नसते का?"

"काका, ह्यांच्यात काही नसतंच. हे असेच येतात."

"रिकामेच?"

"व्हय."

"आन हे तू माझ्या तोंडावर सांगून राहिला?"

"घरात खाणारे सहा, पण चूल एकच असती ना, काका? तसं हाय हे. सगळं काम त्या काळ्या डब्यात व्हतं, सगळी खाती बी त्याच्यातच. हे नुसते दाखवतात. उद्या ह्यातला एक फुटला तरी संस्थेचं काही जात न्हाई."

नामाजींचा चेहरा आता पहिल्यापेक्षा जास्त उतरला.

"म्हंजी साऱ्या सभासदांचं सारं त्या एकाच डब्यात?"

"बराबर."

"आन तो तू टेबलाखाली ठेवला व्हता? मांजर निजतं तिथं?"

नामाजींनी खोली उघडून दिली, पण डबा काही बाहेर येऊ दिला नाही. "तो आता हितंच ऱ्हाईल. तुझ्या वायरी तू आत आण."

झरोक्यातून वायरी आत ओढताना दिपक घामाघूम झाला. तेवढ्यात रोजच्यासारखी लाइट गेली आणि बाहेर त्याच झरोक्याखाली जनरेटर धडधडू लागला. दिपक दारामागच्या कोपऱ्यात सर्व्हरचा पडदा मांडीवर घेऊन बसला. एकेक नाव हिरवं होत गेलं. सहावं झालं तेव्हा त्याने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं.

नेमके तेव्हाच नामाजी साहेबांना आणायला सडकेवर निघाले होते. संध्याकाळी मेंढरं मोजून वाड्याचं दार लावतात, तसं त्यांनी आत डोकावून पाहिलं. डबा एक. बराबर. त्यांनी दार ओढून कुलूप लावलं. पोरगं मोजायचं राहिलं.

दिपकने दार बडवलं. जनरेटर त्याहून मोठा होता. मोबाइलला आत रेंज नव्हती.

साहेब आले. "दिपक कुठंय?"

"चहाला गेला असंल," नामाजी म्हणाले. "त्याला चहाचं लई."

"आज? मी येणार हे माहीत असून?" साहेबांनी बॅग खांद्याला लावली. "मग याला पक्का कशाला करायचा? चला, निघतो मी."

ते वळले आणि सहाही पडद्यांवर एकदमच एक पांढरी चौकट उमटली. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. साधनाने अडखळत वाचलं: "मी आत हाय. किल्ली काकांच्या कमरेला हाय. दिपक."

नामाजींचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला. साहेब मात्र एकेका पडद्यासमोर थांबत सहाव्यापर्यंत गेले.

"सहाही जोडलेत," ते म्हणाले. "आणि सर्व्हर कुलपात? आमच्या नियमांत लिहिलंय तसं, पण कुणी पाळलेलं आज पहिल्यांदा बघतोय. पोरगा पक्का."

नामाजींनी जवळचा डबा पुन्हा उचलला. या वेळी दोन्ही हातांनी. कानाशी नेला आणि सावकाश खाली ठेवला.

"मी उगंच पोकळ म्हणलो, साहेब. ह्याच्यात तर पोरगं बोलून राहिलं."

सहाही पडद्यांवर दुसरी ओळ आली.

"काका, आधी दार."