शफीकभाईंचा कच्चा टाका

माझ्या लॅपटॉपमध्ये लिनक्स घालायचं ठरलं, तेव्हा शफीकभाई आले आणि त्यांनी आधी माझंच माप घेतलं. टेप गळ्यात होतीच. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर, कोपरापासून टेबलापर्यंतचं अंतर, दिवसाकाठी बसायचे तास, सगळं त्यांनी एका लांबड्या वहीत उतरवलं. मग पेन्सिल कानावर ठेवून विचारलं, "ताई, चष्मा नाकावरून घसरतो का?"

"घसरतो. पण त्याचा लिनक्सशी काय संबंध?"

"लई संबंध हाय. चष्मा घसरला की तुम्ही मान वर करून काचेच्या खालच्या भागातून बघणार. मग वरची पट्टी तुम्हाला दिसणारच नाय. मेनू कुठं पाहिजे ते नाकावर ठरतं."

हे शफीकभाई गारखेड्यात आमच्या मागच्या गल्लीत राहतात. उभी हयात जेंट्स टेलर म्हणून गेली. लोक रेडीमेड घालायला लागले तसं दुकान मिटलं. शिलाई मशीन घरी आली आणि दुकानातली 'ट्रायल ४ ते ६' ही पाटी घराच्या दारावर आली. मुलगा सौदीला जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवून गेला. तो चालेना, म्हणून यांनी शिंप्याच्या खाक्यानं तो आधी उसवला, मग शिवला आणि त्या भानगडीत लिनक्स शिकले. आता कॉलनीत कुणाचा संगणक थकला की शफीकभाईंना सांगावा जातो. ते टेप घेऊन येतात, बिनसाखरेचा चहा पितात आणि चहाबरोबर तासभर बोलतात.

माझा लॅपटॉप तर पार थकला होता. तो सुरू करून मी कुकर लावायची. तीन शिट्ट्या होऊन कुकर गार झाला तरी हा जागा व्हायचा नाही. त्यात विंडोजचे अपडेट आता मिळणार नाहीत, अशी सूचना रोज तोंडासमोर. मुलगा नाशिकहून म्हणाला, "आई, नवा घे." त्याची मुलगी ऋचा मागून ओरडली, "आजी, नवा कशाला? लिनक्स टाक. फक्त डिस्ट्रो नीट निवड."

"डिस्ट्रो म्हणजे काय गं?"

"लिनक्सचे प्रकार. शेकड्यानं आहेत."

शेकड्यानं! मला नवरा दोघांतून निवडायचा होता, तर मी सायकलच्या घंटीवरून निवडला. घंटी फार गोड वाजायची. लग्नानंतर कळलं की सायकल मित्राची होती.

ही माझी चूक क्रमांक तीन. हो, मी चुकांना क्रमांक दिले आहेत. गेली काही वर्षं मी लॅपटॉपवर एकेक चूक लिहून ठेवतेय, ऋचासाठी. ती जूनमध्ये हॉस्टेलला जाणार, तेव्हा तिच्या हातात द्यायच्या. उपदेश ती ऐकणार नाही. पण आजी कुठं कुठं आपटली हे ती आवडीनं वाचेल. चूक क्रमांक सात: नवी नवरी असताना उंच टाचांच्या चपला घालून दौलताबादचा किल्ला चढले, आणि तिथल्या 'अंधारी' नावाच्या भुयारात वटवाघळांना भिऊन नवऱ्याचा दंड घट्ट धरला. उजेडात आल्यावर बघते तर तो दंड अकोल्याच्या एका मास्तरांचा. त्यांची बायको मागून येत होती. चूक क्रमांक बारा: गावाला जाताना चोराला सापडू नयेत म्हणून सोन्याच्या बांगड्या चिंध्यांच्या गाठोड्यात लपवल्या, आणि परत आल्यावर तेच गाठोडं बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. मग रिक्षानं अख्खं चिकलठाणा पालथं घातलं. बोहारीण एका झाडाखाली भाकरी खात होती. गाठोडं उघडलंही नव्हतं बिचारीनं. अशा एकतीस चुका. दुसरीकडं कुठंही त्यांची नक्कल नव्हती, आणि पुन्हा लिहायला आता ना हात साथ देतात ना आठवण.

म्हणून मी शफीकभाईंना सरळ विचारलं, "सगळ्यात चांगलं लिनक्स कोणतं, तेवढं घाला आणि मोकळे व्हा."

ते दुखावल्यासारखे झाले. "ताई, दुकानात कुणी येऊन बोलला, सगळ्यात चांगला शर्ट कोणता, तर मी काय सांगू? कुणाच्या अंगावर, ते तर सांगा! अन् जल्दी नक्को. पहले कच्चा टाका."

शिंपी पक्की शिलाई मारण्याआधी कापड कच्च्या टाक्यांवर अंगाला लावून बघतो, तशी लिनक्सचीही सोय असते. ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, लॅपटॉपच्या आतल्या कशाला हात लागत नाही. शफीकभाईंनी तीन पेन ड्राइव्ह आणले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. एकेकाची ट्रायल आठ दिवस. रोज दुपारी चारच्या ठोक्याला हजर, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप.

नारिंगी दोरा उबुंटूचा. दिसायला रुबाबदार, पण सगळी चित्रं डाव्या कडेला उभी. माझा हात सवयीनं खालच्या कोपऱ्यात जायचा आणि मोकळाच परत यायचा. शफीकभाई बाजूला बसून माझा हात किती वेळा चुकतो ते वहीत टिपत होते. आठव्या दिवशी म्हणाले, "कापड उमदा हाय, पण तुमच्या खांद्याला बसत नाय."

निळा दोरा झुबुंटूचा. मलमलीसारखा हलका. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत लॅपटॉप तयार! मी हुरळून म्हणाले, "हाच पक्का करा." ते म्हणाले, "नक्को. अक्षर वाचायला तुम्ही चार बोटं पुढं सरकता. मी मोजलं." मी म्हटलं, अक्षर मोठं करा की. त्यांनी केलं. मग मला ते दिसणं आवडेना. खरं सांगायचं तर तेव्हा मी साडीच्या दुकानातल्या बायकांसारखी वागत होते, आणि ते जन्मभर गिऱ्हाईक सांभाळलेल्या माणसासारखे शांत होते.

हिरवा दोरा मिंटचा. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, जिथं माझा हात आपोआप जातो तिथंच. ऋचाचा व्हिडिओ कॉल लागला, मराठी टाइप झालं, प्रिंटर पहिल्या हाकेला ओ देऊ लागला. तरी शफीकभाईंनी आठ दिवस पुरे केलेच. वर म्हणाले, "अजून आठ दिवस बघायचं का?"

"अहो, ऋचा हॉस्टेलला जाऊन पास होऊन येईल!"

"रेडीमेड कुणालाच बसत नाय ताई. लोकच रेडीमेडला बसतात," असं पुटपुटत ते तयार झाले. पक्की शिलाई म्हणजे आतलं सगळं पुसायचं. त्याआधी त्यांनी माझी कागदपत्रं, फोटो, सगळं आपल्या डबीत, म्हणजे बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, उतरवून घेतलं. विचारलं, "ताई, अजून कुठं काय ठेवलंय?" मी ठसक्यात म्हणाले, "जिथं ठेवायचं तिथंच ठेवते मी."

मिंट बसलं. फोटो परत आले, विजेची बिलं परत आली. मी चुका शोधायला गेले, तर त्या कुठंच नाहीत.

"शफीकभाई, कचऱ्याची पेटी कुठाय?"

"ही काय. रिकामी. एकदम नवी."

"जुनी कुठाय?"

"जुनी पुसली ना, सगळ्याबरोबर. का?"

झालं होतं असं, की मुलगा सुट्टीला आला की हाच लॅपटॉप उघडायचा. त्याच्या हाती चुका लागू नयेत म्हणून मी त्या कचऱ्याच्या पेटीत ठेवत होते. कचऱ्यात कोण हात घालतं? लिहायला बसले की बाहेर काढायची, लिहून झालं की परत आत टाकायची. बांगड्या गाठोड्यात ठेवून बोहारणीला देणारी बाई बहात्तराव्या वर्षीही जशीच्या तशी शाबूत होती. या वेळी रिक्षा करून तरी जाणार कुठं?

मी ते कसंबसं सांगितलं. शफीकभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या डबीकडं पाहिलं. "पाणी प्या ताई," म्हणाले, आणि डबी पुन्हा जोडली.

आत एक कप्पा होता. नाव होतं 'कतरन'.

"दुकानात आपला एक कायदा होता," ते म्हणाले. "कपडा शिवून झाला की उरलेल्या चिंध्याबी पुडीत बांधून द्यायच्या. कापड गिऱ्हाईकाचं, तर चिंधीबी गिऱ्हाईकाची. फेकायची असेल तर त्यानं फेकावी. मी कोण फेकणार? तुमच्या पेटीत काय हाय ते मी बघितलं नाय. उचलून ठेवलं."

कप्प्यात एकतीस चुका होत्या. मी खुर्चीत बसले आणि आधी रडले, मग इतकी हसले की चष्मा खरंच घसरला. कचऱ्यातून उचलल्यामुळं चुकांची नावं मात्र गेली होती. प्रत्येकीच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि काहीतरी अगम्य अक्षरं. एकेक उघडून ओळखणं भाग होतं. मी म्हटलं, "तुम्हीच वाचून नावं द्या, माझे डोळे भरलेत."

"तौबा! गिऱ्हाईकाच्या खिशात हात घालायचा नाय." खुर्ची फिरवून ते खिडकीकडं तोंड करून बसले. मी एकेक उघडायची, नाव सांगायची, "किल्ला", "बांगड्या", "घंटी". त्यांची पाठ फक्त हलायची. दंडाची गोष्ट मला मोठ्यानं वाचल्याशिवाय राहवलं नाही, तेव्हा मात्र त्यांना ठसका लागला. "मास्तर काय बोलले?" "काही नाही हो, तेही घाबरले होते." त्या दिवशी त्यांनी चहाचा दुसरा कप मागून घेतला. जाताना वहीत माझ्या नावापुढं लिहिलं: 'डिलिव्हरी'. लिहिण्याआधी पेन्सिलीला टोक करण्यात जरा जास्तच वेळ घालवला.

ऋचा हॉस्टेलला गेली, चुकांचा छापलेला गठ्ठा घेऊन गेली. रात्रभर वाचत होती म्हणे. मी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या आणि दुपारी शफीकभाईंना द्यायला निघाले. इतकी वर्षं शेजार, पण त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते.

दार उघडंच होतं. चार वाजून गेले होते. शफीकभाई खुर्चीत बसलेले, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. समोर कुणी नाही. शिलाई मशीनवर पांढरं फडकं. ओट्यावर एकच कप, पालथा घातलेला. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो. लांबडी वही मांडीवर उघडी. ते उठेपर्यंत मी चोरून पान बघितलं. कॉलनीतली आम्हा सगळ्यांची नावं होती, आणि प्रत्येकापुढं एकच शब्द, डिलिव्हरी.

"ताई! तुम्ही? कायकू तकलीफ केली?"

"पोळ्या आणल्यात."

"बसा ना." ते खुर्ची पुसायला लागले. ती स्वच्छच होती. "लॅपटॉप चांगला चालतोय ना?"

लॅपटॉप इतका छान चालत होता की सकाळीच मी त्याच्यावर माया करून हात फिरवला होता. मी पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला. चेहरा पाडला. आयुष्यभर खोटं बोलताना पकडली गेलेली बाई मी, पण त्या दिवशी जमलं.

"चालतोय. पण शफीकभाई, काखेत जरा दाटतंय हो."

ते थबकले. टेप सरळ केली. "म्हणजे?"

"ते मलाच कळत नाही. खिडक्या उघडताना कुठंतरी ताण येतो. तुम्ही बघितल्याशिवाय नाही कळायचं."

"मी बोललोच होतो!" त्यांचा आवाज एकदम दुकानातल्यासारखा खणखणीत झाला. "बोललो होतो का नाय, अजून आठ दिवस बघू म्हणून? तुम्हालाच घाई!" त्यांनी रबरानं माझ्या नावापुढचा शब्द पुसला आणि तिथं ठसठशीत 'ट्रायल' लिहिलं. "गुरुवारी येतो. चार वाजता. तोपर्यंत हात नका लावू कशाला."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि नवी चूक लिहिली, क्रमांक बत्तीस: चांगला चालणारा लॅपटॉप बिघडलाय म्हणून सांगितलं. या वेळी ती कचऱ्यात लपवली नाही. पहिल्या चुकांचा मला थोडा तरी पश्चात्ताप झाला होता. ही मी दर गुरुवारी नव्यानं करते.