मिस्टरांची बायपास

गाडीतलं मला काही कळत नाही, ही गोष्ट मी सोडून आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. मला ती कळायला चार महिने लागले. सुरुवात झाली पाडव्याला, गिरगावात, सासऱ्यांच्या घरी. मी श्रीखंडाची तिसरी वाटी संपवली होती (म्हणजे डोकं जवळजवळ बंद होतं) आणि बोलणं निघालं होतं अप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. अप्पा म्हणजे माझे सासरे, रमाकांत. कार्यक्रम ऑगस्टमध्ये, दादरच्या हॉलवर. माझा मेहुणा पुष्कर म्हणाला, "अप्पांना टॅक्सीने आणू. सोपं पडेल." अप्पा खिडकीतून खाली बघत राहिले. तिथे चाळीच्या चौकात, ताडपत्रीखाली, त्यांची गाडी उभी होती. त्यांचा तो चेहरा माझ्याने बघवेना. मी म्हणालो, "टॅक्सी कशाला? अप्पांना त्यांच्याच गाडीतून मी आणतो."

अनुजाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्यापुढची वाटी उचलून आत नेली. पण तोवर उशीर झाला होता.

ही गाडी साधी नव्हे. अप्पा फोर्टात एका जहाजांच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांचे पारशी साहेब देश सोडून गेले, तेव्हा जाताना गाडी अप्पांच्या हवाली करून गेले. लाल रंगाची विलायती स्पोर्ट्स कार, दोनच सीटा, कापडी छप्पर, आणि नाक एवढं लांब की सिग्नलला आधी गाडी पोचते, मग आपण. त्या गाडीतून अप्पा तीस वर्षं जेवणाचा डबा मांडीवर घेऊन ऑफिसला गेले. आता गुडघ्यांमुळे चालवणं सुटलं होतं. एकदा तिच्यात बसून, सगळ्यांच्या देखत हॉलच्या दारात उतरावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी बोलून दाखवली नव्हती, आणि म्हणूनच ती मोडायची माझी छाती नव्हती.

गाडी थंड मुलखासाठी बनवलेली, त्यामुळे तिच्यात एसी नाही, हीटर आहे. मुंबईत हीटर म्हटल्यावर लोक हसतात. पण पावसाळ्यात, काचा लावून दोन माणसं आत बसली की पुढची काच श्वासाने धुरकटते. ती साफ राहावी म्हणून काचेच्या तळाशी दोन लांबट फटी असतात आणि त्यांतून हीटरची गरम हवा काचेवर येते. याला म्हणतात डिमिस्टर. अप्पांच्या गाडीत त्या फटींतून हवा येत नव्हती. बटण दाबलं की आतून नुसती खडखड ऐकू यायची.

मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. बिघाडाचं मूळ शोधणं हे माझं कामच आहे (कागदावर). मी मोबाईलवर एका स्वेटरवाल्या इंग्रज गृहस्थांचे व्हिडिओ बघायला लागलो. ते म्हणाले, इंजिन चालू करा आणि हीटरला जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावून बघा. एक गरम, एक थंड असेल तर हीटर तुंबलाय. दोन्ही गरम असतील तर हीटर ठीक आहे. मी एका रविवारी दोन्ही नळ्या एकाच वेळी, दोन्ही हातांनी पकडल्या. दोन्ही गरम होत्या. पुढचा आठवडा मी ऑफिसात मलम लावलेल्या हातांनी सह्या केल्या. त्यानंतरच्या रविवारी पंख्याचा फ्यूज बदलला. तेव्हापासून ब्रेक दाबला की हॉर्न वाजायला लागला. (तो फ्यूज पंख्याचा नव्हता.)

अनुजाही दर रविवारी बरोबर यायची आणि वरच्या गॅलरीतून माझ्यावर लक्ष ठेवायची. अप्पा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मी इकडून स्क्रू काढायचो, ते तिकडून म्हणायचे, "होईल हो उन्मेषराव, होईल. घाई नाही." इतका समजूतदार सासरा लाभायला नशीब लागतं.

जुलैत मी गाडी रस्त्यावर काढून बघितली. शेजारी अनुजा होती. लालबागपर्यंत पोचलो आणि पाऊस वाढला. काच आतून पांढरी झाली. मी डाव्या हाताने रुमाल फिरवत होतो, उजव्याने स्टिअरिंग धरून होतो. समोर लाल दिवा दिसला म्हणून थांबलो. मागे हॉर्न वाजू लागले, पण नियम म्हणजे नियम. पाच मिनिटं झाली तरी दिवा हिरवा होईना. शेवटी अनुजा उतरून बघून आली.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "तो गणपतीच्या मंडपाचा बल्ब आहे. आतला माणूस विचारतोय, गाडी आणखी आत घेणार का?"

घरी आल्यावर अनुजाने निकाल दिला. काच साफ राहिली तरच अप्पा गाडीतून जातील. नाहीतर टॅक्सी. आणि दुरुस्तीसाठी मी त्या गाडीला यापुढे हात लावायचा नाही. 

कार्यक्रम आठ दिवसांवर आला, तेव्हा मी शनिवारी "ऑफिसला जातो" असं सांगून निघालो. गिरगावातून गाडी घेतली आणि हॉर्न वाजवत वाजवत परळला दौलतच्या गॅरेजमध्ये नेली. हे गॅरेज एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गेटला आहे. पाटीवर "कार डॉक्टर" असं लिहिलंय आणि आजूबाजूचे सगळे दौलतला डॉक्टरच म्हणतात. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं, माझा मोबाईल टॉर्च म्हणून घेतला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "साहेब, मिस्टर गेलाय."

"डिमिस्टर," मी म्हणालो.

"तेच ते. आमी मिस्टरच बोलतो. कशाला पायजे मुंबईत? लोक काढूनच टाकतात. बायपास करतो."

हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या कापायच्या, एकमेकींना जोडायच्या, म्हणजे गरम पाणी हीटरला वळसा घालून परस्पर निघून जातं. कटकट संपते, हीटरही संपतो. काच धुरकट ती धुरकटच राहणार. मला अप्पांचा खिडकीतून खाली बघणारा चेहरा आठवला, फार वाईट वाटलं. पण चार महिन्यांत मी पुरता थकलो होतो. "कर," असं म्हणून मी जोडायचा पाईप आणायला लालबागला गेलो. मोबाईल दौलतच्या हातात राहिला. आणि त्याच वेळी अनुजाचा फोन आला. पुढचं बोलणं मी नंतर दोघांच्या तोंडून ऐकलं, आणि दोघांचं शब्दाला शब्द जुळतं.

"हॅलो, कोण बोलतंय? आमचे मिस्टर कुठे आहेत?"

"मिस्टर ना? हे काय, माझ्यासमोर. उघडून ठेवलेत."

"उघडून? तुम्ही कुठून बोलताय?"

"परळ. ते मोठं हॉस्पिटल नाय, त्याच्या मागच्या गेटला."

परळ आणि हॉस्पिटल हे दोन शब्द एका दमात ऐकल्यावर मुंबईतलं कुठलंही माणूस खाली बसतं. अनुजा बसली.

"डॉक्टर आहेत का तिथे? डॉक्टरांना द्या."

"मीच डॉक्टर. बोला वहिनी."

"काय झालंय त्यांना? सकाळी तर चांगले होते हो."

"वरून चांगलेच दिसतात. आतून सगळं चोक. हवाच जात नाय. वयपण झालंय ना वहिनी. बायपास करायला घेतोय."

"बायपास? आत्ता?"

"अर्ध्या तासाचं काम हाय, घाबरू नका. दिवसाला दोन-तीन करतो. फक्त आधीच सांगून ठेवतो, बायपास केल्यावर थंड पडणार. मग परत गरम होणार नाय."

अनुजाला रडू फुटलं. दौलत मनाने चांगला माणूस, त्याने धीर द्यायचा म्हणून सांगितलं, "तसे काढूनच टाकले तरी चालतंय. खरं सांगू? यांच्यावाचून कोणाचं काय अडत नाय."

इथे आमची अनुजा, जिने सत्तावीस वर्षांत मला एकदाही धड म्हटलेलं नाही, ती म्हणाली, "माझं अडतं. काढायचं नाही. कापायचं नाही. काय वाटेल ते करा, पण मला आहेत तसे परत हवेत. मी येतेय."

आणि मोबाईलची बॅटरी संपली.

मी पाईप घेऊन परतलो तर दौलतने अर्धा डॅशबोर्ड खोलून काढला होता. "पाईप ठेवा बाजूला," तो म्हणाला. "वहिनींचा फोन होता. रडत होत्या. काढायचं नाय म्हणाल्या. साहेब, तुमच्या घरात गाडीवर जीव लावणारं एक तरी माणूस हाय, तुमी उगाच बायपास बोलत होता. साफ करूनच देतो."

मला एवढंच कळलं की आपण गॅरेजमध्ये आहोत हे अनुजाला कळलंय आणि ती निघालीय.  तिला तोंड दाखवण्यापेक्षा काहीतरी काम करताना दिसावं म्हणून मी डॅशबोर्डखाली उताणा शिरलो आणि दौलतला त्याच्याच मोबाईलचा टॉर्च दाखवू लागलो. बाहेर फक्त माझे पाय होते.

तिकडे अनुजाने माटुंग्याहून पुष्करला बोलावून घेतलं होतं. दोघं आधी हॉस्पिटलमध्ये गेली. हृदयविभागाच्या तिन्ही मजल्यांवर त्यांनी मला शोधलं. मी कुठेच नव्हतो. शेवटी अनुजाला मागच्या गेटचं आठवलं. ती धावत आली ती थेट गॅरेजच्या दारात, मागे पुष्कर, एका हातात पेजेचा थर्मास, दुसऱ्या हातात माझ्या रिपोर्टांची फाईल. समोर तिला दिसले माझे पाय, न हलणारे, आणि शेजारी कोपरापर्यंत काळा झालेला दौलत, हातात काचेच्या फटींना हवा पोचवणाऱ्या दोन करड्या नळ्या घेऊन.

"हेच काढलेत मिस्टरमधून," दौलत अभिमानाने म्हणाला.

तिने माझा घोटा घट्ट धरला आणि हंबरडा फोडला. मी दचकून उठलो. डॅशबोर्डखाली दचकून उठायला जागा नसते. कपाळावर मोठं टेंगूळ आलं आणि रक्तही निघालं, त्यामुळे हॉस्पिटलात जायचं ते जावं लागलंच. चार टाके पडले. तोवर घोटाळा सगळ्यांना उलगडला होता. अनुजा टाके घालणाऱ्या डॉक्टरसमोरच मला बोलत होती आणि माझा हातही सोडत नव्हती. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे मी इथे कबूल करतो.

परत आलो तर दौलतने त्या नळ्या वर्तमानपत्रावर झटकल्या होत्या. आतून निघाला झेंडू. सुकलेला, चुरा झालेला, वाटीभर नव्हे, पिशवीभर. त्यात आपट्याची पानं, उदबत्तीच्या काड्या आणि मूठ-दोन मुठी अक्षता. अप्पांनी पन्नास दसरे या गाडीची पूजा केली होती. डॅशबोर्डवर वाहिलेलं सगळं दर वर्षी काचेच्या तळाच्या त्या फटींतून आत गेलं होतं. पंख्यात खडखडत होत्या त्या अक्षता. स्वेटरवाल्या इंग्रजाला हे सुचणं शक्य नव्हतं.

दौलत तो कचरा डब्यात टाकायला निघाला, तेव्हा अनुजा म्हणाली, "थांबा. निर्माल्य आहे ते." तिने ते पिशवीत भरलं आणि पुष्करकडे दिलं. पेज, फाईल आणि निर्माल्य घेऊन तो माटुंग्याला गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस धो धो पडत होता. मी कपाळाला पट्टी लावून, अप्पा रेशमी उपरणं घेऊन, असे आम्ही गिरगावातून निघालो. मी बटण दाबलं. गरम हवा सरळ काचेवर आली. काच लख्ख. वरळी आली तरी समोरचा प्रत्येक दिवा मला दिवा म्हणूनच दिसत होता. फक्त ऑगस्टमध्ये, मुंबईत, बंद गाडीत हीटर लावून बसल्यामुळे आम्ही दोघं घामाने निथळत होतो. मी अप्पांकडे बघितलं. ते तळहाताने दाराचं लाकूड कुरवाळत बाहेर बघत होते, खूश होते. चार महिन्यांचं चीज झालं.

दादर जवळ आलं तसं त्यांनी हात पुढे करून हीटर बंद केला. मग आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली घेतली. बस, दोनच बोटं. बाहेरची हवा आत आली, पाऊस आला नाही, आणि पुढची काच होती तशीच स्वच्छ राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, धुकं म्हणून नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "म्हणजे काच थोडी उघडली की झालं?"

"हो. तीस वर्षं असंच तर केलं."

"मग मला बोलला का नाहीत? चार महिने मी दर रविवारी येऊन..."

"बोललो असतो, तर आला असतात का दर रविवारी?"

 म्हातारा माणूस, घरात एकटा, जावयाची वाट बघत बसलेला. मी म्हणालो, "अप्पा, गाडी असो नसो, मी येत जाईन."

"तुमचं नाही हो," अप्पा उपरणं सारखं करत म्हणाले. "तुम्हाला एकट्याला माझ्या गाडीजवळ सोडायला अनुजा तयार नसते. तुम्ही आलात, की पोरीला यावंच लागतं."