नमुन्याची पिशवी

शाळेत लॅपटॉप एकच होता. तो निशाच्या हातात देताना हेडमास्तरांनी सही घेतली होती. पोषण आहाराची माहिती दुपारपर्यंत पंचायत समितीत दाखवायची होती. निशाच्या शिक्षिकेच्या नोकरीला तीनच महिने झाले होते, लॅपटॉपला बॅग नव्हती, आणि तालुक्याच्या गावी, सालेकशापर्यंत, वाहन म्हणजे वडिलांची धानाने भरलेली बैलगाडी.

आईने, म्हणजे मनकर्णाबाईने, पहाटेच एक जुनं पोतं फाडलं. लॅपटॉप लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला, एका बाजूला जुनं पितळी ताट पालथं लावलं, सगळीकडून कोंडा भरला आणि दाभणाने तोंड शिवून टाकलं.

"आई, तोंड काऊन शिवलं वो?"

"उघडं ठेवलं तं धूळ नाही जाणार का? तिथं जाऊन उसव."

उरलेल्या पोत्याची तिने नेहमीप्रमाणे व्यापाऱ्याला दाखवायच्या धानाची पिशवी शिवली. आकार तोच, सुतळी तीच, वजनही जवळपास तेच. दोन्ही पिशव्या गाडीत शेजारी ठेवल्या.

निशाचा बाप दुधराम त्या वेळी घरात ताट शोधत होता. "तीस वर्षं त्याच ताटात जेवून राहिलो मी!"

"डुगडुगते ते. आज परातीत जेवा."

तो परातीत जेवला, पण सालेकशापर्यंत बैलांशीसुद्धा बोलला नाही.

निशा पंचायत समितीपाशी पिशवी घेऊन उतरली. साहेबांसमोर तिने शिवण उसवली. टेबलावर धान सांडलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "मॅडम, आम्ही पोषण आहाराची माहिती मागवली होती. धान नाही."

निशा धान बाजाराकडे पळत सुटली.

तोवर बाजारात व्यापारी जागेश्वरने परखी उचलली होती. परखी म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार लोखंडी नळी. त्याने ती पिशवीत खुपसली. आतून 'टण्ण' आवाज आला. परखी तळहातावर उलटी केली, तर नुसता कोंडा.

"काकाजी, यात दाणाच नाही."

"माझ्या बांधीत कोंडा पिकते का गा?" दुधराम भडकला. "खोल मार! अजून जोरानं मार!"

जागेश्वरने दोन्ही हातांनी परखी उगारली.

"बाबा!" फाटकातून निशा किंचाळली. "माझी नोकरी हाये त्याच्यात!"

परखी हवेतच थांबली. निशाने शिवण उसवली. आधी कोंडा निघाला, मग ताट, मग लुगडं, मग लॅपटॉप. तिने बटण दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ उगवलं. निशा धानाच्या ढिगावर मटकन बसली आणि हसू लागली. तिला हसताना पाहून जागेश्वरने परखी खाली ठेवली.

दुधरामचं लॅपटॉपकडे लक्षच नव्हतं. "हे तं माझं ताट!"

परखीने ताटाचं बाहेर आलेलं बूड आत ढकललं होतं. त्याने ते जमिनीवर ठेवलं. दाबलं. पुन्हा दाबलं. तीस वर्षांत पहिल्यांदा ताट डुगडुगलं नाही.

दुपारी माहिती पोचली. साहेबांनी टेबलावरचं धान मात्र परत दिलं नाही.

पुढच्या खेपेला दुधरामच्या गाडीत पोत्यांवर शेजारच्या सुशीलाबाईची परात आणि मनकर्णाबाईचे भात शिजवायचे दोन गंज होते.

"जागेश्वरले सांगा," मनकर्णाबाईने बजावलं, "बुडावर मधोमध मार. अन् गंजाले हलकेच."