गुंडेरावांची गोलकीपर नात

हायस्कूलच्या मैदानावर नवा वॉचमन आला आणि त्याने पहिल्याच संध्याकाळी गुंडेरावांना गेटवर अडवलं.

"कुठं निघालात, सर?"

"मॅच बघायला."

"बाहेरच्यांना सोडायचं नाही म्हणून ऑर्डर आहे. मुलींची शाळा आहे. आत तुमचं कोण आहे?"

गुंडेराव गडबडले. आत त्यांचं कोणीच नव्हतं. जुन्या वॉचमनने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. उलट तो स्वतःचं स्टूल त्यांना बसायला देत असे. तेवढ्यात आत शिट्टी वाजली. खेळ सुरू झाला आणि आपण अजून गेटवरच, या कल्पनेनेच गुंडेरावांचा धीर सुटला. समोरच्या गोलपोस्टमध्ये लांब हातांची एक काटकुळी मुलगी उभी होती. त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"ती गोली आहे ना? ती माझी नात."

"असं म्हणा की आधीच," वॉचमन म्हणाला आणि बाजूला झाला.

गुंडेराव रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालताना दम लागला, दम खायला ते या मैदानाच्या कट्ट्यावर टेकले आणि तिथेच अडकले. स्वतः त्यांनी आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नव्हती. पण या मुलींच्या फुटबॉलचा त्यांना असा काही नाद लागला की म्हैसूरभर कुठेही त्यांची मॅच असली की हे हजर. दसऱ्यानंतर याच मुली बेसबॉल खेळत. तो मात्र त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता, म्हणून त्यांनी आपल्यापुरते नियम ठरवून टाकले होते. पंचाने दोन्ही हात पसरले की काहीतरी वाईट झालं, असा त्यातला मुख्य नियम. त्यामुळे आपली मुलगी धापा टाकत सुखरूप पोहोचली आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या, तरी गुंडेराव एकटेच हळहळत असत.

घरी भागीरथीबाईंना एवढंच ठाऊक होतं, की नवरा फिरायला जातो. मुलगा शरत हैदराबादला नोकरीला होता. पस्तिशी उलटली तरी त्याचं लग्न झालेलं नव्हतं. भागीरथीबाईंनी फोनवर तो विषय काढला रे काढला, की हैदराबादचा सिग्नल जात असे.

वॉचमनला मारलेली थाप तिथेच संपली असती. पण वॉचमन कर्तव्यदक्ष निघाला. हाफटाइमला तो पी.टी.च्या यशस्विनी मिसना सोबत घेऊनच आला.

"तुम्ही स्पंदनाचे ताता, आजोबा ना?" मिस म्हणाल्या. "बरं झालं भेटलात. तिच्या घरच्यांपैकी कोणी कधी दिसतच नाही बघा."

त्या मुलीचं नाव स्पंदना आहे, हे गुंडेरावांना तेव्हा कळलं. त्यांनी मान हलवली. त्यात हो पण होतं आणि नाही पण होतं.

"सर, तुमच्या मुलाला जरा समजवा की," मिस पुढे म्हणाल्या. "शनिवारी हुणसूरला फायनल. आणि हिचे अप्पा म्हणतात, दहावीचं वर्ष, खेळ बंद! मी फोन केला तर म्हणाले, दुकानात गिऱ्हाइक आहे. तुम्ही घरातले मोठे. तुमचा शब्द मोडणार नाहीत."

"माझा शब्द..." गुंडेराव म्हणाले.

"आयतु सर, ठरलं तर मग, थँक्यू!" असं म्हणून मिस शिट्टी वाजवत निघूनही गेल्या.

दुसऱ्या दिवशी मैदानाकडे फिरकायचंच नाही, असं गुंडेरावांनी ठरवलं. तरी पाय वळलेच. स्पंदना आली नव्हती. गोलमध्ये एक दुसरी मुलगी उभी होती. चेंडू आला की ती दोन्ही हातांनी तोंड झाकून घेई, आणि चेंडू आत गेला की हात काढून तो कुठे गेला ते बघे. गुंडेरावांनी थोडा वेळ हा प्रकार पाहिला. मग ते उठले, वॉचमनकडच्या रजिस्टरातून स्पंदनाच्या वडिलांच्या दुकानाचा पत्ता काढला ("स्वतःच्या मुलाचं दुकान माहीत नाही, सर?" "नवं घेतलंय त्याने.") आणि रिक्षाने मंडी मोहल्ल्यात गेले.

तिच्या वडिलांचं, पवनकुमारचं, फ्लेक्स छापायचं दुकान होतं. त्याचे आजोबा कपडे रंगवत, वडील साड्यांवर ठसे मारत, आणि तो आता नगरसेवकांचे वाढदिवस छापत होता. गुंडेराव आत शिरले तेव्हा एका भल्यामोठ्या हसऱ्या चेहऱ्याला तो कडेने कापत होता.

"स्पंदनाबद्दल बोलायचं होतं," भिंतीवरचं मराठी कॅलेंडर पाहून गुंडेराव मराठीत म्हणाले.

पवनकुमारने कात्री ठेवली. घराबाहेर मराठी कानावर पडल्याने त्याला बरं वाटलेलं दिसलं. "बसा की. शाळेकडून आलात का?"

"शाळेकडूनच आलो," गुंडेराव म्हणाले. ते खरंच त्या दिशेने आले होते.

"सर, मला पण कळतंय. पण दहावी आहे. चेंडू लागून बोट मोडलं तर पेपर कोण लिहिणार, मी?"

"तुम्ही तिला खेळताना बघितलंय?"

"कुठं वेळ, सर."

मग गुंडेरावांनी सांगायला सुरुवात केली. नंजनगूडच्या शाळेविरुद्ध पावसात झालेली मॅच. चिखलात सगळ्या घसरत होत्या आणि ही एकटी उभी होती. उजवीकडे जाईल असं वाटलेला चेंडू डावीकडे वळला, तेव्हा हिने हवेतच अंग फिरवून तो कसा बाहेर ढकलला. ते दाखवण्यासाठी गुंडेराव खुर्चीवरून उठले आणि त्यांचा हात लागून एका नगरसेवकाचा फ्लेक्स खाली आला. पवनकुमार तो उचलायचं विसरला.

"हे आमच्या स्पंदनाने केलं?"

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

पवनकुमारने खाली पडलेला फ्लेक्स उचलून गुंडाळला. मग म्हणाला, "बरं. शनिवारी पाठवतो. पण शाळेतर्फे तुम्ही स्वतः तिच्याबरोबर पाहिजेत. आणि मी पण येतो बघायला."

गुंडेराव दुकानातून बाहेर पडले ते घाम पुसतच. शाळेत ते त्या मुलीचे आजोबा होते आणि तिच्या घरी शाळेतले सर होते. दोन्ही ठिकाणी त्यांना मान होता. फक्त ही दोन्ही ठिकाणं शनिवारी हुणसूरला एकत्र येणार होती.

शनिवारी सकाळी ते "जुन्या मित्राकडे हुणसूरला जाऊन येतो" असं सांगून बाहेर पडले. पाठोपाठ शेजारची सुमा कढीपत्ता मागायला भागीरथीबाईंकडे आली. तिची भाची त्याच शाळेत होती.

"मावशी, तुमची नात काय खेळते म्हणे हो! गोलकीपर! भाची सांगत होती, तिचे ताता रोज येऊन बसतात."

"कोणाची नात?"

"तुमचीच की. गुंडेराव काकांनी स्वतः सांगितलं म्हणे. अय्यो, आम्हाला एवढे दिवस पत्ताच नाही!"

कढीपत्ता घेऊन सुमा गेली. भागीरथीबाई स्वयंपाकघरातच पाटावर बसल्या. नवऱ्याचं रोजचं फिरणं त्यांना आठवलं. परवा त्याने पिशवीभर मोसंबी नेली आणि रिकाम्या हाताने परत आला, ते आठवलं. मग शरत आठवला आणि त्याचा तो सिग्नल आठवला. त्यांनी गॅस बंद केला आणि फोन हातात घेतला.

तिकडे हुणसूरच्या मैदानावर गुंडेराव अर्धी मॅच इकडून तिकडे फिरत होते. मिस डाव्या बाजूला आल्या की ते उजव्या बाजूला जात. पवनकुमार उजवीकडे आला की ते पाण्याच्या टाकीमागे जात. खेळ संपायला थोडाच वेळ राहिला, दोन्ही बाजूंचा एकही गोल झाला नव्हता, आणि पंचाने अचानक समोरच्या संघाला पेनल्टी दिली. सगळे गोलच्या मागे धावले. गुंडेरावही भान विसरून धावले आणि नेमके मिस आणि पवनकुमार यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"तुमच्या वडिलांमुळे आली बघा स्पंदना," मिस पवनकुमारला म्हणाल्या. "त्यांचे उपकार आहेत."

"माझे वडील?" पवनकुमार म्हणाला. "ते जाऊन वर्षं झाली, मिस. या तुमच्या सरांनी समजवलं मला."

"आमचे सर?"

दोघांनी एकदमच गुंडेरावांकडे पाहिलं.

"सांगतो," गुंडेराव म्हणाले. "सगळं सांगतो. पण आधी ही पेनल्टी होऊ द्या."

हे म्हणणं दोघांनाही पटलं. तिघेही गोलकडे वळले. समोरची मुलगी धावत आली, चेंडू खालून कोपऱ्यात निघाला आणि स्पंदनाने स्वतःला जमिनीवर झोकून देऊन तो छातीशी धरला. पवनकुमारने गुंडेरावांना मिठी मारली. मिसनी दोघांच्याही पाठीत धपाटे घातले. मग आपण कोणाला मिठी मारली आहे हेच ठाऊक नसल्याचं पवनकुमारच्या ध्यानात आलं आणि त्याने हात काढले.

"आता सांगा. तुम्ही कोण?"

"मी कोणीच नाही," गुंडेराव म्हणाले. "मला बघायला आवडतं. वॉचमन आत सोडेना, म्हणून नात म्हणालो. मग मिस म्हणाल्या, घरी समजवा. ती गोलमध्ये नसती तर आपण हरलोच असतो हो."

"म्हणजे शाळेचे नाही, नात्याचे नाही," पवनकुमार म्हणाला. "सुम्ने? उगीचच?"

"हो. सुम्ने."

"काही कारण नाही आणि एवढ्या मॅचेस बघितल्या?"

"बेसबॉल पण."

पवनकुमार काही बोलणार, तेवढ्यात कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर समोरच्या संघाने गोल केला. पुढच्याच क्षणी तो आतापर्यंत आयुष्यात ऐकलेला एकमेव फुटबॉलचा शब्द घेऊन पंचावर धावून गेला. "ऑफसाइड! सर, ऑफसाइड की हो! डोळे आहेत का काय?" त्याला धरून आणायला मिस आणि गुंडेराव दोघंही लागले. मॅच तशीच संपली. मुली एका गोलने हरल्या.

स्पंदना हातमोजे काढत आली. चिखलाने ती ओळखू येत नव्हती. "अप्पा, गप्प बसा की. ऑफसाइड नव्हता तो."

"या आजोबांना ओळखतेस?" मिसनी तिला विचारलं.

"हो की. रोज येतात. मला वाटलं, तुमचे अप्पा आहेत, मिस."

मिस आधी रागावायचा प्रयत्न करत होत्या; तो त्यांनी सोडून दिला. "सोमवारी ऑफिसात या," त्या गुंडेरावांना म्हणाल्या. "हेडमास्तरांशी बोलून तुम्हाला रीतसर पास देऊ. पण परत कोणाला नात बनवू नका."

परतीच्या बसमध्ये पवनकुमार गुंडेरावांच्या शेजारीच येऊन बसला. वाटेतल्या इलवाल गावी त्याने दोघांसाठी शेंगदाणे घेतले. मग हळूच म्हणाला, "मी बाप असून आज पहिल्यांदा बघितलं, सर." आणि थोड्या वेळाने, "बेसबॉल कधी सुरू होतो?"

गुंडेराव घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मन हलकं झालं होतं. आता बायकोलाही सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच त्यांनी चपला काढल्या. भागीरथीबाई हॉलमध्ये फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोळे लाल होते, पण चेहरा शांत होता.

"मला नातीचं सगळं कळलं," त्या म्हणाल्या.

"मी आज सांगणारच होतो," गुंडेराव खाली बसले. "तिकडेही मी सगळं कबूल केलं. कोणी रागावलं नाही."

"रागवायचं काय त्यात? लेकरू ते. पण मला सांगायचं नाही का? तुमची नात, ती माझी कोणीच नाही?"

"अगं, ती माझी तरी कुठं आहे?"

"असं म्हणू नका!" भागीरथीबाई उसळल्या. "सख्खी नसली म्हणून काय झालं? शरतने तिला आपली मानली ना?"

"शरतने?" गुंडेरावांना काही उमजेना. "शरतचा काय संबंध?"

आता भागीरथीबाई गोंधळल्या. "मी फोन केला त्याला. म्हटलं, नातीबद्दल आम्हाला कळलंय, अप्पा बघायला पण जातात. तर रडायलाच लागला की तो! म्हणाला, अम्मा, मीच सांगणार होतो, भीती वाटत होती. त्याच्या ऑफिसात कोणी आहे. पहिलं लग्न मोडलंय तिचं, आठ वर्षांची मुलगी आहे. डिसेंबरात लग्न करायचं म्हणतो." त्या थांबल्या. "तुम्ही कोणाबद्दल बोलताय?"

गुंडेरावांनी वॉचमनपासून पेनल्टीपर्यंत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भागीरथीबाई मांडीवरच्या फोनकडे बघू लागल्या.

"म्हणजे मी त्याला सुम्ने विचारलं," त्या म्हणाल्या, "आणि त्याने खरंच..."

फोन वाजला. शरतच होता. भागीरथीबाईंनी स्पीकर लावला.

"अम्मा, अप्पा आले का? रागावलेत का?"

गुंडेरावांना एवढंच सुचत होतं, की आपल्याला आठ वर्षांची नात आहे. भागीरथीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि खाकरून आवाज चढवला.

"रागावतील कशाला? आम्हाला आधीपासून सगळं माहीत होतं. तूच कधी सांगतोस म्हणून वाट बघत होतो."

"खरंच? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आईबापांना कळतं सगळं. येत्या दसऱ्याला दोघींना घेऊन ये. जंबू सवारीतले हत्ती बघतील."

पलीकडून शरतचा मोकळा हसण्याचा आवाज आला. कित्येक वर्षांत तो असा हसला नव्हता, आणि सिग्नलही उत्तम होता. "थांब अम्मा, मुलगी इथंच आहे. तुझ्याशी बोलायचंय म्हणते. देऊ?"

"दे की, दे!" असं म्हणून भागीरथीबाईंनी झटकन फोनवर हात ठेवला आणि घाबऱ्याघुबऱ्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, पोरीचं नाव विचारायचं राहिलं! आणि आता सगळं माहीत आहे म्हणून बसले ना मी. कसं विचारू?"