विषय क्रमांक सात आणि दोन मिनिटांची शांतता

एका जंगलात, बाळांनो, वाघ नव्हता. वाघ असता तर एखाद्याला खाऊन झोपी तरी गेला असता. त्या जंगलात सर्वसाधारण सभा होती.

जंगल वाढत होतं. आसपासची रानं तुटली, तशी तिथली जनावरं पिलांना पाठीवर घेऊन इकडे आली आणि ओढ्यापलीकडच्या माळावर राहू लागली. सभेने त्या माळाला 'वाढीव हद्द' असं नाव दिलं. मग तिथल्या जनावरांना मताचा हक्क दिला. एवढं केल्यावर सभा दमली आणि बसली.

वाढीव हद्दीत साळू नावाची एक साळिंदर राहायची. तरुण होती, शिकलेली होती आणि तिला लवकर राग यायचा. राग आला की तिचे काटे उभे राहायचे. त्यामुळे मोठी मंडळी तिला म्हणायची, "पोरी, जरा नमतं घे." तिने किती नमतं घ्यावं, ते मात्र कुणी सांगत नसे.

रोज सकाळी साळू वस्तीतली सतरा पिलं ओढा ओलांडून जंगलातल्या शाळेत न्यायची. ओढ्यावर एक ओंडका आडवा पडलेला होता. तोच पूल. तो इतका जुना होता की मधोमध कुजला होता. खाली टोकदार दगड होते आणि पाण्याला ओढ होती.

"साळूताई, ओंडका आज जास्त हलला," एकदा सशाचं पिलू म्हणालं.

"तू जास्त खाऊन आला असशील," साळू म्हणाली. सगळी पिलं हसली.

पिलं शाळेत गेल्यावर ती एकटी परत आली. अंगावरचा एक काटा काढून तिने ओंडक्याच्या मध्यावर खुपसून पाहिला. लोण्यात जावा तसा तो अख्खा आत गेला.

तिने अर्ज लिहिला. अर्जाचा विषय झाला. 'विषय क्रमांक सात : ओढ्यावरील ओंडक्याची दुरुस्ती करणे.' तो सभेच्या पत्रिकेवर छापून आला, तेव्हा साळूला वाटलं, आता काम झालंच. बाळांनो, तिला हसू नका. तिची पहिलीच वेळ होती.

सभा दर महिन्याच्या वीस तारखेला बेहड्याच्या झाडाखाली भरायची. सभापती होता गवा. तो इतका मोठा होता की तो काय करतो असं कुणी विचारतच नसे. सचिव होता बगळा. तो एका पायावर उभा असे. त्याचा दुसरा पाय खाली कधी येईल याची वाट बघण्यात दोन पिढ्या गेल्या होत्या. आणि सर्वांत ज्येष्ठ सदस्य होते आबा वानर. एकाच फांदीवरून सात वेळा निवडून आलेले.

बगळ्याने चोच उघडली. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"सभापती महाराज," आबा उठले. "त्याआधी एक दुःखद गोष्ट. सात डोंगरांपलीकडच्या तळ्यातले ज्येष्ठ मगर यांचं निधन झालं आहे."

"अरेरे," सभा म्हणाली.

"ते आपले कोण लागत होते?" एका नव्या भेकराने हळूच विचारलं.

"लागायला कशाला हवं? गेले ना?" आबा म्हणाले.

सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. ती दीड मिनिटातच संपली, कारण बाजूला भाजलेल्या कणसांचा वास सुटला होता. मग गव्याने जाहीर केलं, "दिवंगत आत्म्याच्या सन्मानार्थ सभा तहकूब." आणि सभागृह कणसांकडे धावलं.

साळूने आबांना वाटेत गाठलं.

"आबा, माझा विषय?"

"अगं पोरी, मयताच्या दिवशी कामाचं बोलतात का?"

"पण मगर इथला नव्हता."

"मरण इथलं-तिथलं नसतं बाळ," आबा म्हणाले आणि कणसाला लिंबू लावायला लागले.

पुढच्या महिन्यात माजी सभापतींचे व्याही गेले. सभा तहकूब. कणसं.

तिसऱ्या महिन्यात अडचण आली. कुणीच मेलं नाही.

सदस्य एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. "असं कसं? नीट चौकशी केली का?" गवा बगळ्याच्या कानात म्हणाला. बगळ्याने मान हलवली. नाइलाजाने इतिवृत्त कायम झालं. दुसरा विषय झाला, सभापतींच्या शिंगांना तेलपाणी करण्याचा. तो एकमताने मंजूर. तिसरा, चौथा, पाचवाही गेला. सदस्यांना घाम फुटला. इतका वेळ बसायची कुणाला सवयच नव्हती.

प्रेक्षकांच्या दगडावर साळू बसली होती. तिच्या शेजारी वाढीव हद्दीतले तात्या तरस बसले होते. म्हातारे, जाडजूड, गुडघ्यांनी बेजार. वस्तीतल्या मोठ्यांपैकी तिच्यासोबत आलेले ते एकटेच.

"विषय क्रमांक सहा मंजूर," बगळा म्हणाला. "विषय क्रमांक..."

"सभापती महाराज!" आबा एकदम उठले. त्यांची नजर सभेवरून फिरली आणि एका म्हाताऱ्या चेहऱ्यावर थांबली. "वाढीव हद्दीतले ज्येष्ठ नागरिक, परोपकारी, मनमिळाऊ, तात्या तरस... आज आपल्यात नाहीत."

"ओ आबा!" तात्या ओरडले. "मी इथे बसलोय!"

"प्रेक्षकांनी शोकप्रस्तावात अडथळा आणू नये," गवा म्हणाला.

"अहो, पण शोक माझाच आहे!"

"मग तुम्ही तरी शांतता पाळा."

सगळे उभे राहिले. तात्याही उभे राहिले. साळूने त्यांना खाली ओढायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, "असू दे गं. सगळे उभे असताना बसणं बरं दिसत नाही." मग सभा तहकूब झाली आणि कणसांकडे जाता जाता चार सदस्यांनी तात्यांची भेट घेऊन तात्यांबद्दल दुःख व्यक्त केलं.

परतीच्या वाटेवर तात्या खुशीत होते. "बोलले मात्र छान. परोपकारी म्हणाले. मनमिळाऊ म्हणाले. जिवंतपणी मला कुणी असं म्हटलं नव्हतं."

"तात्या, तुम्ही जिवंतच आहात."

"हो गं. ते राहिलंच."

साळूने सभेला पत्र पाठवून कळवलं की तात्या जिवंत आहेत. पत्राची पोच मिळाली. 'आपले पत्र वाचले. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'

चार दिवसांनी सकाळी साळू पिलांना घेऊन ओंडक्याशी आली. तात्या तिथे आधीच उभे होते. "थांबा रे," ते पिलांना म्हणाले. "आधी मी जाऊन बघतो. माझं वजन पेलला तर तुमचं पेलेल."

"तात्या, नको," साळू म्हणाली.

"मी काय, सभेच्या हिशेबाने गेलेलोच आहे," तात्या हसून म्हणाले आणि चालू लागले.

ओंडका मधोमध मोडला. फार आवाजसुद्धा झाला नाही.

तात्या वाचले नाहीत. सतरा पिलं काठावर उभी होती. त्या दिवशी शाळेत कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून साळू पिलांना पाण्यातून न्यायला लागली. एकामागे एक, एकमेकांची शेपटी तोंडात धरून. ज्यांना शेपटी नव्हती त्यांचे मागच्यांनी कान धरले. एकदा सशाचं पिलू निसटलं. साळूने ते तोंडात धरून बाहेर काढलं.

पुढच्या वीस तारखेला साळू सभेला गेली, ती चिखलाच्या पायांनीच. आधी इतिवृत्त कायम झालं. मग आबा उठले. या खेपेस त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता.

"सभापती महाराज, तात्या तरस यांचं दुःखद निधन..."

बगळ्याने दप्तर चाळलं. "आबा, तात्यांचा दुखवटा मागच्याच सभेत झाला. इतिवृत्त आत्ता कायम केलं आपण."

"पण आता ते खरे गेले ना?"

"इतिवृत्तानुसार तेव्हाच गेले. एका जनावराला दोनदा दुखवटा देण्याची नियमात तरतूद नाही."

सभागृहात कुजबुज झाली. दुसरं कुणी मेलं नव्हतं. सभा पुढे चालवणं भाग पडलं. आणि बाळांनो, त्या जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदाच बगळ्याच्या तोंडून ते शब्द पूर्ण बाहेर पडले : "विषय क्रमांक सात. ओढ्यावरील ओंडक्याची दुरुस्ती करणे."

साळू उठून उभी राहिली.

"ओंडका कुठे आहे?" गव्याने विचारलं.

"वाहून गेला," बगळा म्हणाला.

"मग दुरुस्ती कशाची करायची?"

"बरोबर आहे," आबा म्हणाले. "जे नाही त्याची दुरुस्ती कशी होणार?"

"पिलं पाण्यातून जातात!" साळू ओरडली.

"जातात ना?" गवा खूश झाला. "म्हणजे ओंडक्यावाचून अडत नाही. विषय दप्तरी दाखल करा."

"तात्या मेले त्या ओंडक्यावर!"

"नोंद आहे," बगळा शांतपणे म्हणाला. "मागच्या महिन्याची."

साळूचे सगळे काटे उभे राहिले. पण सभागृहात कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. कणसं आली होती.

ती घरी गेली. वाटेत तिने कुणालाच अर्ज लिहायचा नाही असं ठरवलं. तिने अस्वलिणीला उठवलं, रानडुकरांना हाका मारल्या. रानात ऐनाचं एक दणकट खोड आडवं पडलेलं होतं. ते सगळ्यांनी मिळून ढकलत ओढ्यापर्यंत आणलं.

"परवानगी?" एका म्हाताऱ्या सांबराने विचारलं.

"आजोबा, तुम्ही फक्त बाजूला व्हा," साळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोड ओढ्यावर बसलं. अस्वलीण त्यावर तीनदा नाचली. ते हललं नाही. मग सतरा पिलं ओरडत, ढकलत, धावत पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. साळूने त्यांना रागावून पाहिलं. जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी खोडावर नोटीस चिकटली. 'विनापरवाना ओंडका. तो काढून टाकण्याचा प्रस्ताव येत्या सभेपुढे ठेवण्यात येत आहे.'

या प्रस्तावाला क्रमांक मिळाला एक. इतिवृत्ताच्याही आधी. वीस तारखेला सगळे सदस्य वेळेवर आले. जे कधी येत नसत तेही आले. अतिक्रमण हटवणारं पथक बेहड्याच्या पलीकडे सुळ्यांना धार लावत बसलं होतं. आणि आबांनी त्या दिवशी कुणाचंही मरण सोबत आणलं नव्हतं. कामाच्या दिवशी ते असलं काही आणत नसत.

साळू प्रेक्षकांच्या दगडावर बसली होती. तिला पिलांचं ओरडणं आठवत होतं. इथून पथक निघालं की उद्या सकाळी पुन्हा पाण्यातून, शेपट्या धरून.

"विषय क्रमांक एक," बगळा म्हणाला. "विनापरवाना..."

"सभापती महाराज!" साळू खणखणीत आवाजात म्हणाली. "दुःखद निधन!"

निधन म्हटल्याबरोबर गवा उभा राहिला. विचार करून नाही. त्याच्या पायांना सवयच होती. गवा उठला म्हणून सगळे उठले. माना खाली गेल्या.

"कोण गेलं?" आबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"वाढीव हद्दीचे ज्येष्ठ, कष्टाळू, मितभाषी जुने ओंडके," साळू म्हणाली. "आयुष्यभर एका जागी पडून सेवा केली. वरून कोण गेलं, कधी विचारलं नाही. या सभागृहाने त्यांची कधी विचारपूस केली नाही, तरी त्यांनी कधी तक्रार केली नाही."

एका सदस्याने नाक ओढलं.

बगळ्याने एक डोळा उघडला. "ओंडक्याचा दुखवटा नियमात..."

"आधी झालाय का? दप्तर बघा."

बगळ्याने दप्तर पाहिलं. ओंडक्याचा दुखवटा झालेला नव्हता. ओंडका गेल्याची नोंद मात्र होती, सभेच्याच अक्षरात. बगळ्याने डोळा पुन्हा मिटला.

"दिवंगत आत्म्याच्या सन्मानार्थ," गवा म्हणाला, "सभा तहकूब."

तेव्हापासून वाढीव हद्दीने महिन्याच्या पाळ्या लावल्या. पिलं रानभर हिंडून मेलेलं काही ना काही आणतात. एका महिन्यात वाळवीच्या पाखराचा दुखवटा झाला, एका महिन्यात चतुराचा. "ताई, या वेळी माझा नाकतोडा!" म्हणून पिलांची भांडणं होतात. अकरा महिने झाले. विषय क्रमांक एक अजून पत्रिकेवर पहिलाच आहे आणि पिलं ऐनाच्या खोडावरून रोज शाळेत जातात.

अकराव्या महिन्यात सभा तहकूब झाल्यावर आबांनी साळूला हाक मारली. स्वतःच्या हाताने कणीस दिलं.

"पोरी, आता शोभतेस," ते म्हणाले. "सभागृहाची परंपरा तुला कळली. मी म्हणतच होतो, नमतं घे, शिकशील. पुढच्या निवडणुकीला उभी राहा. मी तुझ्या पाठीशी आहे."

साळूने कणीस घेतलं नाही. ती आबांकडे नीट बघत राहिली. त्यांच्या पांढऱ्या भुवया, थरथरणारे हात, कणसात अडकणारे दात.

"आबा," ती अगदी मायेने म्हणाली, "तब्येत बरी आहे ना तुमची? नाही, पुढच्या वीस तारखेला आमच्याकडे अजून कुणी नाहीये."

आबांच्या हातातलं कणीस तोंडापर्यंत गेलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, मोठ्यांचा मान नेहमी राखावा. ते बोलत असले तर ऐकावं. ते उभे राहिले तर आपणही उभं राहावं. आणि ते काम करायला लागले, तर ताबडतोब कुणाच्या तरी निधनाची बातमी द्यावी.