पात्यासाठी ठोकलेला खिळा

"हा खिळा रविवारी संध्याकाळी निघणार," शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत बायकोने जाहीर केलं. "बारा वर्षं झाली. मला तिथे घड्याळ लावायचंय."

"घड्याळाला दुसरी भिंत नाही का?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"भिंती चार आहेत. पण दारातून आत आलं की पहिला हा खिळाच दिसतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, इथे काय होतं? आणि मला सांगावं लागतं, काही नव्हतं, व्हायचंय."

शहरातल्या चाळीस इमारतींच्या लिफ्ट लिफ्टवाल्यांच्या देखरेखीखाली होत्या. एकीचीही तक्रार चोवीस तासांच्या वर राहिलेली नव्हती. त्या बाबतीत कोणी एक शब्द बोलायला गेलं तर ते दोन ऐकवत. पण खिळ्याच्या बाबतीत त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं.

तो खिळा ते विमानमंडळाचे सभासद झाले त्याच आठवड्यात त्यांनी ठोकला होता. मंडळात नऊ सभासद होते. दर रविवारी सकाळी ते वाचनालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत जमत आणि लढाऊ विमानांवर बोलत. नवांपैकी एकानेही कधी विमान चालवलं नव्हतं. लिफ्टवाले तर विमानात बसलेही नव्हते. तरीही मंडळात प्रसिद्ध विमानाचं नाव काढणं कमीपणाचं मानलं जाई. जे विमान शंभराच्या वर बनलं ते त्यांच्या लेखी बाजारू. दहा बनली, त्यातली सहा पडली आणि उरलेली भंगारात गेली, असं काही असेल तर सगळे खुर्च्या पुढे ओढून बसत.

वर्षातून एकदा मानाचं कोडं असे. चिठ्ठ्या टाकून एका सभासदाची निवड व्हायची. त्याने एक विमान मनात धरायचं आणि त्याच्या सात खुणा एकेक करून वाचायच्या. बाकीच्यांनी ओळखून चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि टेबलावरच्या उलट्या टोपीत टाकायचं. सगळ्यात कमी खुणांमध्ये ओळखणारा जिंकला. कोणालाच ओळखता आलं नाही तर विचारणारा जिंकला. जिंकणाऱ्याला जुन्या विमानाच्या पंख्याचं एक लाकडी पातं वर्षभर घरी मिरवायला मिळे. गेली नऊ वर्षं ते कॅप्टनच्या घरी होतं.

मंडळात सगळे ज्यांना कॅप्टन म्हणत ते एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मंडळाचे सगळे नियम त्यांनीच लिहिले होते आणि ते त्यांना तोंडपाठ होते. आणि यंदा, बारा वर्षांत पहिल्यांदा, विचारण्याची पाळी लिफ्टवाल्यांवर आली होती.

वर्षभर रोज संध्याकाळी बायको इस्त्री करत असताना त्यांनी समोर बसून खुणा वाचून दाखवल्या. एक-दोन नाही, दोनशे विमानांच्या. खरं कुठलं विचारणार ते मात्र त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

"मी काय कॅप्टनला सांगायला जाणार आहे?" ती म्हणायची.

"नियम आहे."

"आणि या दोनशे विमानांच्या गोष्टी माझ्या कानात ओतता, त्याला काही नियम नाही?"

शेवटी त्यांनी 'गॉब्लिन' ठरवलं. मोठ्या बॉम्बफेक्या विमानाच्या पोटात बसून जाणारं, अंड्यासारखं दिसणारं, एका माणसाचं इवलंसं विमान. जगात दोनच बनली. पण लिफ्टला एक दोर कधी पुरत नाही; एक तुटला तर दुसरा हवाच. म्हणून त्यांनी 'सेईरान' राखीव ठेवलं. हे पाणबुडीच्या पोटात बसून जाणारं. ऐन वेळी कोणी गॉब्लिनचा विषय काढलाच तर हे विचारायचं. खुणा त्यांनी लिफ्टच्या तपासणीच्या कार्डांच्या पाठीवर ठळक अक्षरात लिहिल्या. एका कार्डावर तीन, दुसऱ्यावर चार. अशी चार कार्डं, प्रत्येक जोडीला एक टाचणी, आणि सगळी शर्टाच्या खिशात.

रविवारी बायकोही निघाली. "खिळा काढायच्या आधी तुमचं मंडळ एकदा डोळ्यांनी बघते," म्हणाली.

वाचनालयात शिरले तर लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली. आतून ओळखीचा आवाज आला, "कोण आहे खाली? किती वाजले?"

"कॅप्टन," लिफ्टवाले हळूच म्हणाले.

बायकोने घड्याळ बघितलं. "दहाला दहा कमी. उशीर झालेल्याला काय नियम आहे तुमच्यात?"

"दहाला दार बंद. त्यांनीच लिहिलाय."

बायकोने जिन्याकडे बघितलं. जिना रिकामा होता, रुंद होता, सरळ चौथ्या मजल्यावर जात होता. लिफ्टवाल्यांनीही जिन्याकडे बघितलं. खोटं कशाला बोला, चांगलं अर्धा मिनिट बघितलं.

मग ते वैतागून म्हणाले, "माझ्यादेखत लिफ्ट बंद आणि मी जिन्याने जाऊ? लोक काय म्हणतील?"

ही लिफ्ट त्यांच्या देखरेखीखालची नव्हती. तरी ते गच्चीवरच्या मोटरच्या खोलीपर्यंत धापा टाकत गेले, ब्रेक सैल केला आणि चाक हाताने फिरवून लिफ्ट तिसऱ्या मजल्याला टेकवली. चाकावर वाकताना खिशातली कार्डं खाली पडली, टाचण्या सुटल्या. खोलीत अंधार होता. चष्मा बायकोच्या पर्समध्ये होता, कारण आपल्याला चष्मा लागत नाही असा लिफ्टवाल्यांचा समज होता. त्यांनी चाचपून चारही कार्डं गोळा केली, दोन-दोन करून टाचली आणि खाली आले.

कॅप्टन टाय सारखा करत बाहेर पडले. आभार मानायची त्यांना सवय नव्हती. "ही लिफ्ट तुमच्याकडे नाही वाटतं," एवढंच ते म्हणाले.

"नाही."

"तरीच. तुमच्याकडे असती तर बंद पडली नसती."

लिफ्टवाल्यांना इतकं बरं वाटलं की कार्डं पुन्हा एकदा बघून घ्यायचं ते साफ विसरले.

दहाच्या ठोक्याला सेक्रेटरीबाईंनी दार लावलं. या पोस्टात होत्या; चिठ्ठ्या, शिक्के आणि टोपी त्यांच्या ताब्यात. त्यांनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि लिफ्टवाल्यांच्या बायकोलाही दिली.

"मला कशाला?" बायको म्हणाली.

"नियम सहावा," कॅप्टन म्हणाले. "उपस्थित प्रत्येकाची चिठ्ठी ग्राह्य. एका वर्षी चौघंच आले होते, तेव्हा केलाय."

लिफ्टवाल्यांनी घसा साफ केला. "खूण पहिली. हे विमान एकटं निघत नाही. दुसऱ्याच्या पोटात बसून जातं." खुर्च्या पुढे सरकल्या. "खूण दुसरी. आत जागा कमी, म्हणून पंख दुमडून बसतं." कोणीतरी पेन्सिल चावायला लागलं. "खूण तिसरी. याला चाकं नाहीत. काम झालं की उडता उडताच हुकाला लटकतं आणि परत पोटात शिरतं."

कॅप्टन उठले, चिठ्ठी लिहिली, टोपीत टाकली आणि हाताची घडी घालून बसले. तीन खुणांत. लिफ्टवाल्यांनी पुढचं कार्ड वर घेतलं.

"खूण चौथी. यात दोन माणसं बसतात."

गॉब्लिनमध्ये दोन माणसं? त्यात एक माणूस बसवायचा तर बारीक शोधावा लागे. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. कार्ड सेईरानचं होतं.

आता सांगावं तर कोडं बाद. आणि बाद झालं तर पातं मागच्या विजेत्याकडे, म्हणजे दहाव्यांदा कॅप्टनकडे. गप्प बसून पुढचं वाचावं तर असं विमान जगात नसल्यामुळे कोणालाच ओळखता येणार नाही आणि पातं आपल्याकडे. लिफ्टवाल्यांच्या डोळ्यांसमोर तो खिळा दिसायला लागला.

"पुढे," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"खूण पाचवी," ते बारीक आवाजात म्हणाले. "पाण्यावर उतरतं."

आता खरं तर कोणीतरी हात वर करायला हवा होता. पण मंडळात 'मला कळत नाही' असं म्हणण्याची पद्धत नव्हती. कॅप्टननी मान डोलावली. "बरोबर. आणीबाणीत उतरायचं."

"आणि दोन माणसं?" औषधांच्या दुकानवाल्यांनी विचारलं. यांचा सगळा जन्म डॉक्टरांचं अक्षर लावण्यात गेलेला.

"एक चालवायला आणि एक हुकाकडे बघायला," कॅप्टन म्हणाले. त्यांचा आवाज इतका ठाम होता की दोघांनी ते वहीत उतरवून घेतलं.

"खूण सहावी. सगळी मिळून अठ्ठावीस बनली."

यावर मात्र कॅप्टनचा चेहरा जरासा पडला. "मागणी अठ्ठाविसांची असणार," ते स्वतःशीच पुटपुटले. औषधवाल्यांनी चिठ्ठी टाकली.

"खूण सातवी. खाली एक टॉर्पेडो घेऊन जातं."

बाकीच्या चिठ्ठ्या पडल्या. शेवटी कोपऱ्यातून लिफ्टवाल्यांची बायको उठली, चिठ्ठी टोपीत टाकून जागेवर बसली. सेक्रेटरीबाईंनी एकेक उघडायला सुरुवात केली. कॅप्टनची चिठ्ठी गॉब्लिन, औषधवाल्यांची सेईरान, आणि बाकीच्यांनी अशी अशी नावं लिहिली होती की ज्याची त्यालाच वाचता आली नाहीत.

"गॉब्लिनला टॉर्पेडो कुठे लावणार? ते टॉर्पेडोएवढंच आहे," औषधवाले म्हणाले.

"आणि तुमचं सेईरान उडता उडता हुकाला लटकतं?"

"पाणबुडीवर क्रेन असते. तिला हुक असतो."

"क्रेन उडते का?"

पाच मिनिटांत खोलीत नऊजण आणि अकरा मतं झाली. लिफ्टवाल्यांच्या पिशवीत पुराव्यासाठी दोन पुस्तकं होती, आणि त्यातलं कुठलं काढायचं ते त्यांना कळेना. आता फक्त गप्प राहायचं होतं. बारा वर्षांत इतकं सोपं काम त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. पण ज्या माणसाने कधी खोट्या तपासणीवर सही केली नाही, त्याला गप्प राहणंही जमेना.

"थांबा," ते म्हणाले. "असं विमान नाही. माझी कार्डं बदलली. तीन एकाच्या, चार दुसऱ्याच्या. मला चौथ्या खुणेलाच कळलं होतं आणि मी पुढे वाचत राहिलो. चूक झाली."

ज्या दोघांनी हुकाकडे बघणारा माणूस वहीत लिहिला होता, त्यांनी वह्या मिटल्या.

कॅप्टननी टाय सारखा केला. "नियम नववा. विचारणाऱ्याची चूक, कोडं बाद. अर्थात योग्य उत्तर आलेलं नसेल तर."

"एक चिठ्ठी राहिलीये," सेक्रेटरीबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती मोठ्याने वाचली. "पहिल्या तीन खुणा गॉब्लिनच्या. पुढच्या चार सेईरानच्या. कार्डं बदलली आहेत. यांना चष्मा लावायला सांगा."

नऊ माना एकदम कोपऱ्याकडे वळल्या. बायको पर्समध्ये चष्मा शोधत होती.

"हे चालणार नाही," कॅप्टन म्हणाले. "यांना घरी आधीच माहीत होतं."

"काय माहीत होतं?" लिफ्टवाले पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कॅप्टनसमोर मोठ्याने बोलत होते. "दोनशे विमानं वाचली मी तिच्यापुढे. कुठलं विचारणार ते सांगितलं नव्हतं. आणि ही कार्डं अशी मिसळली आहेत हे मलाच माहीत नव्हतं, तर तिला कुठून असणार?"

"नियम चौथा काय आहे?" औषधवाल्यांनी हळूच विचारलं.

कॅप्टननी नियमांची वही उघडली. तशी ती उघडायची गरज नव्हती. "सातही खुणांना बसेल तेच उत्तर योग्य," त्यांनी वाचलं. मग सहावा वाचला, मग नववा. मग पुन्हा चौथा. शेवटी त्यांनी वही मिटली. नऊ वर्षं जिंकलेला तो माणूस सरळ कोपऱ्यापर्यंत चालत गेला.

"सातही खुणांना बसणारं उत्तर एकच आलंय," ते म्हणाले. "पातं मी संध्याकाळी स्वतः घेऊन येतो. पण वहिनी, दोनशेच्या दोनशे विमानं लक्षात आहेत तुमच्या?"

"बारा वर्षं इस्त्री करतेय," बायको म्हणाली. "कान रिकामेच असतात."

संध्याकाळी कॅप्टन आले, पातं आलं. खालच्या पितळी पट्टीवर 'लिफ्टवाल्यांच्या सौभाग्यवती' असं कोरायचं कोणीतरी सुचवलं होतं. तिने ते बाद करून स्वतःचं पूर्ण नाव लिहून दिलं. खिळा थोडा वाकला होता, तो तिने हातोडीने सरळ केला. घड्याळ दुसऱ्या भिंतीवर गेलं. आता संध्याकाळी इस्त्री लिफ्टवाले करतात आणि कार्डं ती वाचते. ओळखता आलं नाही तर नेमकी त्याच वेळी कॉलर भाजत असल्याचं ते सांगतात.

लिफ्टवाल्यांचा अभिमान मात्र घरात मावेना. ज्या इमारतीत जातील तिथे लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते ही हकिकत सांगतात. पहिली खूण पहिल्या मजल्याला, दुसरी दुसऱ्याला, आणि सातवा मजला आला की बायकोची चिठ्ठी. सात मजली इमारतीत गोष्ट बरोबर बसते. अडचण चार मजली इमारतींची आहे. त्या महिन्यात तिथल्या लिफ्ट मध्येच थांबल्याच्या बऱ्याच तक्रारी आल्या. आश्चर्य म्हणजे दर वेळी लिफ्टवाले स्वतः आतच होते, आणि पाच मिनिटांनी लिफ्ट आपोआप सुरू झाली.