हिमरूचा कमरपट्टा

“चार किलो लोखंड कमरेला बांधून घरभर हिंडतील, अन् गॅसची टाकी सरकवा म्हटलं की पाठीत उसण भरते!” प्रमोदिनीबाई कढईला सांगत होत्या. कढई गप्प राहिली. भिंतीपलीकडं शेजारीण कमरुन्निसा मात्र खुदकन हसली.

वैजनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा लेकीनं, उमानं, सुचवलं होतं, तारकर्लीला चला, समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघू. त्याला तीन वर्षं झाली. तयारी चालूच होती. सायकलच्या ट्यूबचा पाणचष्म्याला पट्टा झाला. पडद्याच्या कड्यांचा हवेची नळी अडकवायला चिमटा झाला. श्रीखंडाच्या डब्याची पाण्यात न भिजणारी पेटी झाली. दर सुट्टीत “एवढी एक वस्तू झाली की निघूच” असं ठरे, अन् सुट्टी संपे. प्रमोदिनीबाईंनी अजून समुद्र पाहिला नव्हता. पलंगाखाली त्यांची बॅग भरलेलीच असे. वर्षाकाठी त्या तिच्यातल्या डांबरगोळ्या तेवढ्या बदलत.

यंदा उमानं विचारलंच नाही. येत्या रविवारचं सगळं ठरवूनच टाकलं. वैजनाथरावांना लगेच आठवलं, तळाशी बुडी मारायला लागणारा वजनांचा कमरपट्टा राहिलाय! कमरुन्निसाच्या नवऱ्याचा, गयासभाईंचा, हिमरू शाली विणायचा माग. त्यांनी जुन्या शालीचा काठ दिला, अन् वडिलांच्या बंद दुकानातली लोखंडी वजनंही. बक्कल वैजनाथरावांनी स्वतः घडवलं. “संकट आलं की एका झटक्यात सुटलं पाहिजे,” ते सांगत.

गुरुवारी, नेहमीसारखं आठ दिवसांनी, नळाला पाणी आलं आणि तासाभरात गेलंही. दोन्ही घरांत मिळून अंगणात एकच हौद. किती भरला ते बघायला वैजनाथराव पट्टा बांधूनच वाकले. बक्कल एका झटक्यात सुटलं.

“सुटलं! बघा, सुटलं!” ते आनंदानं ओरडले. खाली डुबुक झालं, तेव्हा कुठं त्यांचा चेहरा बदलला.

तेवढ्यात गयासभाईंनी हौदातलं पाणी वर चढवायला मोटर लावली होती. तिनं पट्ट्याचं टोक नळीत ओढून घेतलं, घुर्र केलं आणि मान टाकली.

“आज बादलीनं भागवू,” गयासभाई म्हणाले, “पण आठ दिवस कोण शेंदणार?”

बांबूला आकडा बांधून हौद ढवळला. दोन वर्षांपूर्वी हरवलेली गाळणी वर आली. पट्टा काही येईना. प्रमोदिनीबाईंनी बांबूकडं पाहिलं. तो कुठवर ओला झालाय तेही पाहिलं.

मग सगळ्यांची नजर वैजनाथरावांकडं वळली. गळ्यात पाणचष्मा लटकत होता.

“भाईजान आत्ताच जेवले,” कमरुन्निसा घाईनं म्हणाली. “भरल्या पोटी नक्को.”

“अन् सर्दी पण झालीय,” गयासभाईंनी भर घातली.

वैजनाथराव शिंकले. “आता पट्ट्याशिवाय तारकर्ली कशी व्हायची?” त्यांच्या आवाजात दुःख होतं खरं, पण प्रमोदिनीबाईंना त्यात सुटकाच जास्त ऐकू आली.

त्यांनी पाय धुतले, पदर खोचला आणि त्या हौदाच्या लोखंडी पायऱ्या उतरू लागल्या.

“अगं, वेडी का काय! बुडशील!” वैजनाथरावांनी त्यांचा दंड गच्च धरला.

“मग तुम्ही उतरता?”

गयासभाई आभाळाकडं बघू लागले. कमरुन्निसा गाळणी पुसू लागली.

“मला पोहता येत नाही,” वैजनाथराव म्हणाले. मग आणखी हळू, “भीती वाटते गं.”

“हाश्श!” कमरुन्निसाच्या तोंडून निघून गेलं.

प्रमोदिनीबाईंनी दंड सोडवून घेतला आणि त्या आत उतरल्या. पाणी कमरेला लागलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी वाकून नळीतलं टोक सोडवलं, आणि ठिबकता पट्टा वर धरला.

“मला तरी कुठं येतंय पोहता? उमा म्हणते, नाही आलं तरी हात धरून तळाशी नेतात. तुम्ही होडीत बसा, अहो. तेवढं बक्कल मात्र दुसरं लावा. पट्टा मी बांधणारे.”